सांधा भारानं आवळावा

बाळा,

पाटण खोऱ्यातल्या आपल्या रानात लाकडी खोली बांधायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. नॉर्वेतल्या ओंडक्यांच्या घरांचे फोटो दाखवलेस, तीही घरं देखणी आहेत. पण तिकडं झाड वाढतं सरळसोट आणि वरून पडतो बर्फ; आपल्याकडं झाड वाढतं मनाला येईल तसं आणि वरून कोसळतो पाऊस. म्हणून आपल्या डोंगरातल्या माणसानं ओंडक्यावर ओंडका रचून भिंती केल्या नाहीत. त्यानं मेढी उभ्या केल्या, त्यांवर आडं चढवलं, वासे टाकले आणि भिंतीला कारवीचा कूड घातला. तू खांब-तुळयांचा सांगाडा कर आणि कंबरेइतक्या भिंतीला आडवे ओंडके लाव. हौसही भागेल, घरही टिकेल.

मला सांगायचंय ते सांध्यांबद्दल. लाकूड मधोमध क्वचितच मोडतं. घर खचतं ते दोन लाकडं भेटतात तिथं. सांध्याकडं दोनच गोष्टी मागायच्या. वरचा भार आला की त्यानं आणखी आवळावं आणि पाणी आलं की ते सोडून द्यावं. पुढं जे जे सांगतोय ते या दोन मागण्यांपायीच.

१. झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी वनखात्याची परवानगी हातात घे, झाड आपल्याच बांधावरचं असलं तरी — साग, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, आणि सागाची गाडी रस्त्याला लागली की वाहतूक पासही विचारतात.

२. कोयना-चांदोलीच्या जंगलातली पडलेली फांदीसुद्धा उचलू नकोस — २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथलं लाकूड जंगलाचंच.

३. ओंडका आडवा झाला की त्याच आठवड्यात साल काढ — साल आणि लाकूड यांच्या मधल्या ओलीत किडा घर करतो, आणि मग त्याला काढणं जिकिरीचं.

४. दोन्ही टोकांना शेणकाला नाहीतर डांबर फास — लाकूड सगळ्यात आधी टोकाकडून वाळतं आणि तिथंच तडकतं, आणि आपला सांधा नेमका टोकालाच यायचा असतो.

५. सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, मध्ये चिपा देऊन रच, आणि वारं खेळू दे. दोन उन्हाळे थांब, मग उभा कर खांब — अख्खा ओंडका फळीपेक्षा खूपच सावकाश वाळतो, वरून कोरडा दिसला तरी गाभ्यात ओल असते.

६. निलगिरी स्वस्त मिळते म्हणून सगळं तिच्यावर सोपवू नकोस, खांबाला चालव पण खाचेत बसवायचं कुसू तिच्यात काढू नकोस — तिच्या रेषांना पीळ असतो आणि तोडल्यावर टोकं फाटत जातात.

७. सालीलगतचं पांढरं लाकूड सांध्याच्या जागी तरी तासून टाक — वाळवी तिथून सुरुवात करते, सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही.

इथं जरा बस, कारण ही एक गोष्ट नीट समजली की पुढचं बरंचसं आपोआप समजेल. वाळलेलं लाकूड स्वस्थ नसतं. हवेतली ओल घेऊन ते जाडीला फुगतं, ऊन लागलं की जाडीला आकसतं. लांबीला मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. बैलगाडीचं चाक कधी जवळून बघितलंयस का? मधे तुंबा, त्यात ठोकलेले बाभळीचे आरे, आऱ्यांवर पाटे आणि त्या सगळ्याभोवती लोखंडी धाव. ही धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, दोघातिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणानं चारी बाजूंनी खाली दाबायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं आणि साऱ्या चाकाचे सांधे एका दमात कचकन् आवळतात. एकही खिळा नाही. तरी तेच चाक वैशाखात आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत खुळखुळायला लागतं, मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, सकाळी परत घट्ट.

आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत हवेचा फरक तरी केवढा! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जतला पाचशेच्या आसपास. तुझं रान ओल्या बाजूचं. तेव्हा सांगलीच्या वखारीतून आणलेलं लाकूड महिना-दोन महिने तरी रानातच, छपराखाली ठेव आणि मगच काप. मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलास तर त्यांना विचार. लाकूड आणि भोपळा पुरता वाळल्याशिवाय ते हत्यार उचलत नाहीत. तारेचा ताण सोसणारा सांधा ज्यांना करावा लागतो, त्यांना थांबण्याची किंमत कळलेली असते.

आता खांब आणि तुळई.

८. गोल लाकडाला सरळ बाजू नसते, म्हणून आधी दोन्ही टोकांचे मध्य काढ आणि गेरूच्या दोरीनं लांबीभर सूत मार — पुढची सगळी मापं त्या एका रेघेवरून घ्यायची, सालीवरून घेतलीस तर प्रत्येक खांब वेगळं बोलेल.

९. कापायची रेघ धारदार टोकानं ओढ, पेन्सिलीनं नको — पेन्सिलीची रेघ स्वतःच अर्धं सूत जाड असते, आणि पटाशीला टेकायला कोरलेली रेघ लागते.

१०. कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश धर — जाड केलंस तर खाचेच्या भिंती पातळ पडतात, बारीक केलंस तर कुसूच मोडतं.

११. वजन कुसवावर टाकू नकोस, त्याच्या खांद्यावर घे. खांदा चारी बाजूंनी टेकलाय का ते कागदाची पट्टी सरकवून बघ — कुसवाचं काम जागा सोडू न देण्याचं, पेलण्याचं काम खांद्याचं.

१२. खाच कुसवाच्या लांबीपेक्षा दोन सूत जास्त खोल घे — कुसू तळाला टेकलं तर खांदा अधांतरी राहतो, आणि वरून बघणाऱ्याला ते दिसतही नाही.

१३. प्रत्येक जोडीवर पटाशीनं खूण कर, खांबाला एक रेघ तर त्याच्या तुळईलाही एक, दुसऱ्या जोडीला दोन — गोल लाकडात एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत कधीच बसत नाही, आणि खडूची खूण पहिल्या सरीला पुसते.

१४. तुळईला जरासा बाक असेल तर पाठ वर आणि पोट खाली येऊ दे — भारानं ती सरळ होते; उलटी ठेवलीस तर आणखी लोंबते.

१५. तुळईच्या मधल्या भागात खालून खाच मारू नकोस, बल्बची वायर न्यायची असली तरीही — भार आला की तुळईचं पोट ताणलं जातं, आणि तिथली छोटी कापणीसुद्धा भेग होऊन चालू लागते.

१६. तुळई लांबीत जोडावी लागलीच तर जोड खांबाच्या डोक्यावर येऊ दे, आणि खाली हस्त दे — हस्त जोडाला दोन्ही बाजूंनी आधार देतो आणि दोन खांबांमधलं अंतरही तेवढंच कमी करतो.

वाईला जाशील तेव्हा मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात सवडीनं थांब. अठराव्या शतकातला वाडा आहे. भिंतींवरची चित्रं सगळेच बघतात, तू खांबांची डोकी आणि पाय बघ. खांब तुळईला कसा भेटतो आणि जमिनीला कसा भेटतो, एवढं बघायला अर्धा तास दे. सोबत घरातली मंडळी कंटाळतील. त्यांना घाटावर धाडून दे.

आडव्या ओंडक्यांचं तंत्र आपल्याकडचं नाही, ते बाहेरूनच शिकावं लागतं. हिमाचलातली काठकुणी घरं मला जवळची वाटतात. तिथं देवदाराच्या लाकडांचे आणि दगडांचे थर एकाआड एक, चुन्याशिवाय रचतात आणि कोपऱ्यात लाकडं एकमेकांवरून जातात. नॉर्वे-फिनलंडकडं नुसत्या ओंडक्यांच्या भिंती असतात. पण पाण्याशी कसं वागायचं, यावर दोघांचं एकमत.

१७. खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटात घे, खालच्याच्या पाठीत कधीच नाही. पाठीत खाच, घराला जाच — वर तोंड करून असलेल्या खाचेत पाणी थांबतं, खाली तोंड असलेल्या खाचेतून ते निथळून जातं.

१८. एका थराला बुडखा पूर्वेला तर पुढच्या थराला शेंडा पूर्वेला ठेव — नाहीतर चार थरांत एक कोपरा चढतो, दुसरा उतरतो.

१९. खालच्या ओंडक्याचा आकार कंपासनं वरच्यावर उतरव, डोळ्यानं अंदाज करू नकोस. कंपासचं एक टोक खाली, एक वर, आणि हात ओळंब्यात — खालच्याचा प्रत्येक उंचवटा मग वर जसाच्या तसा उमटतो आणि खाच जन्मल्यासारखी बसते.

२०. खाच ओंडक्याच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल नेऊ नकोस — उरलेलं लाकूडच कोपरा धरून ठेवणार असतं.

२१. कोपऱ्याबाहेर टोक वीतभर तरी राहू दे, पण वळचणीच्या आत — टोक आखूड ठेवलंस तर खाचेपुढचं लाकूड फाटून निसटतं, लांब ठेवलंस तर पाऊस पितं.

२२. कोपऱ्याला डव्हटेल खाच घेणार असशील तर तिचा उतार बाहेरच्या बाजूला पडतोय याची दोनदा खात्री कर — उतार आत आला तर भिंतीवरचं पाणी सांध्यातून थेट घरात येतं.

२३. दोन ओंडक्यांच्या मधे, वरच्याच्या पोटात लांबीभर उथळ चर काढ आणि त्यात काथ्या दाबून भर — नुसत्या गोलाईवर गोलाई टेकली तर फटीतून वारं शिट्टी मारतं. नॉर्वेकर तिथं शेवाळ भरतात.

२४. दार-खिडकीच्या वरही ओंडके घेतलेस तर चौकटीवर जागा मोकळी सोड आणि चौकट ओंडक्यांना खिळ्यानं जखडू नकोस — भिंत वाळताना खाली बसते. ओल्या ओंडक्यांना परदेशातले जाणकार फुटाला पाऊण इंच धरतात, तुझ्या वाळलेल्या लाकडाला कमी लागेल, पण शून्य कधीच लागत नाही. ती फट वरून फळी लावून झाक, फळी फक्त वरच्याच ओंडक्याला ठोक.

आता तुझा आवडता विषय, लोखंड. बोल्ट आवळताना तुला जो आनंद होतो तो मी बघितलाय. पण माझं मत ऐक. खिळा पाहुणा, खुंटी घरची. लोखंड लाकडासोबत फुगत नाही, आकसत नाही. पावसाळ्यात गंजतं, सागासारख्या लाकडात भोवती काळं पडतं, आणि थंडीच्या दिवसांत त्याच्याच अंगावर दव धरून लाकडाला आतून ओलं ठेवतं. खुंटी लाकडाबरोबर हलते. जिथं ओढ फार, वारं फार, तिथं बोल्ट लागतातच, तिथं हात आखडू नकोस.

२५. खुंटी वाळलेल्या बाभळीची किंवा सागाच्या गाभ्याची, करवतीनं कापलेली नको, फोडून तासलेली — फोडलेल्या खुंटीत रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग जातात, ती मोगरीखाली मोडत नाही.

२६. खुंटी ज्यात मारायची त्या लाकडापेक्षा ती जास्त कोरडी असू दे — मग ती आत गेल्यावर ओल घेऊन फुगते, उलट झालं तर आकसून गळून पडते.

२७. कुसवातलं भोक खाचेतल्या भोकापेक्षा अर्धं ते एक सूत खांद्याकडं सरकवून पाड, आणि खुंटीचं टोक निमुळतं कर — खुंटी आत जाताना कुसवाला स्वतःच ओढून घेते आणि खांदा घट्ट बसतो. हा सुतारकामातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे; पहिली खुंटी अशी मारशील तेव्हा सांधा मिटताना डोळ्यांनी बघ, फोटो नंतर काढ.

२८. आडव्या ओंडक्यांत खुंट्या एकाखाली एक न येता पुढंमागं मार, आणि भोक खुंटीपेक्षा बोटभर खोल ठेव — भिंत बसली की ओंडका खुंटीवर लटकू नये, खालच्या ओंडक्यावरच टेकावा.

२९. आरपार कुसवात पाचर मारायची तर ती खाचेच्या लाकडातल्या रेषांना आडवी मार — रेषांच्या दिशेनं मारलीस तर पाचर सांधा आवळण्याऐवजी खांब फाडते.

३०. बोल्ट टोकापासून त्याच्या जाडीच्या सातपट आत घे, आणि दोन्हीकडं मोठी, जाड वायसर घाल. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेलाच घे — टोकाजवळचा बोल्ट लाकूड चिरून बाहेर येतो, आणि छोटी वायसर लाकडात घुसून बसते.

३१. बोल्टचं नट मातीनं, रंगानं बुजवून टाकू नकोस — पहिल्या दोन वर्षांत लाकूड आकसेल तेव्हा ते पुन्हा आवळावंच लागतं.

३२. वासे आड्याला बांधणार असशील तर वाखाचा दोर कोरडाच बांध आणि वेल किंवा अंतरसाल ओलीच बांध. दोर कोरडा, साल ओली — पीळ दिलेला दोर भिजला की आखूड होऊन आवळतो, ओला बांधला तर वाळून ढिला पडतो. सालीचं बरोबर उलट.

खांबाच्या पायाशी मी मुद्दाम थांबतो, कारण डोक्यापाशी केलेली सगळी कारागिरी पायाशी वाया जाते.

३३. खांब जमिनीत पुरू नकोस, तळखड्यावर उभा कर. पाय कोरडा तर माथा शाबूत — जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात ओलही असते आणि हवाही, लाकूड कुजायला तेवढंच पुरतं. नॉर्वेतली जुनी चर्चं खांब मातीत रोवलेली होती, ती गेली. पुढं त्यांनी लाकूड दगडावर उचललं, तेव्हा बोर्गुंडचं बाराव्या शतकातलं चर्च अजून उभं आहे.

३४. तळखड्याचा माथा मधे किंचित उंच ठेव, सपाट नको — खांबाच्या तळातून पाणी चोखलं जातं, दोन बाजूंना उतार असला की ते थांबत नाही.

३५. खांबाच्या तळाशी लोखंडी खुंट दगडात शिसं किंवा सिमेंट ओतून बसव आणि खांब त्यावर उतरव — लाकूड तरंगतं, हे पुराच्या रात्री आठवून उपयोग नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा नुसती टेकलेली कितीतरी लाकडं पाण्याबरोबर निघून गेली. तुझं रान उंचावर आहे, पण ओढा जवळ आहे.

३६. प्रत्येक कोपऱ्यात खांब आणि तुळईमध्ये तिरकस टेकू दे, आणि तोही कुसू-खुंटीनंच — चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. तुझ्या रानापासून कोयनानगर लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथं भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या जड भिंतींनी सगळ्यात जास्त माणसं मारली. लाकडी सांगाडा हलला तरी चालतं. सांध्यानं जागा सोडली नाही पाहिजे. म्हणून या कामात पैसे वाचवू नकोस.

बाकीचं पटकन सांगतो.

३७. वळचण तीन फूट तरी बाहेर काढ, आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाआधी गवताच्या झडी लाव — डोंगरातला पाऊस वरून कमी आणि बाजूनं जास्त मारतो.

३८. बिब्ब्याचं तेल लावायचं तर पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाल, पोरांना लांब ठेव — वाळवीला ते आवडत नाही, पण माणसाच्या अंगावरही ते उततं.

३९. जवसाचं तेल पुसलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, उघड्यावर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडव — ती आतल्या आत तापून पेटते, आणि लाकडी घरात रात्री पेटणं बरं नाही.

४०. सांध्यात रंग, लांबी, सिलिकॉन भरून फट बुजवू नकोस — आत शिरलेलं पाणी मग बाहेर येऊ शकत नाही. बाहेरून नीटनेटकं दिसतं आणि आत भुसा होतो.

४१. पहिल्या पावसात, ऐन झडीत, छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मार — पाणी कुठून उतरतं आणि कुठं थांबतं हे कोरड्या दिवसात कुणीच सांगू शकत नाही. जिथं थांबलेलं दिसेल तिथं खडूनं खूण कर, उघडीप झाली की पटाशीनं उतार काढ.

४२. दसऱ्याला हत्यारं पुजशील तेव्हा घराचे सांधेही तपास. मोगरी हलक्या हातानं मार आणि ऐक — भरीव लाकूड खणखणतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं. ज्या खुंट्या वर आल्यात त्या परत ठोक, ज्या बोल्टनी जागा दिलीय ते अर्धा फेरा आवळ.

माझ्या पटाश्या, गिरमिट आणि मोठा गुण्या घेऊन जा, नवीन घेत बसू नकोस. पटाश्यांना धार लावून ठेवलीय, तू वापरल्यावर तूच लाव — बोथट पटाशीला जोर लावला की ती घसरते, आणि पुढं नेहमी डावा हात असतो. तुळया चढवायचा दिवस ठरला की कळव. त्या दिवशी चार धडधाकट माणसं लागतील, भाकरी-पिठल्याचं काकू बघते म्हणालीय.